सोळावा हात

हात वर गेला आहे हे हाशिमला कळलं ते मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरलं तेव्हा. पट्टा सैल होता. कुवेतहून कायमचा परत आल्यापासून तो बारीक होत चालला होता आणि पट्ट्याच्या दोन कड्या काढून आणायचं रोज राहून जात होतं. धातूचा गार स्पर्श कातडीवरून खाली उतरला, त्यानं वर पाहिलं, तर पालिकेच्या सभागृहात पंख्याखाली त्याचाच हात उभा. आजूबाजूला आणखी हात होते, बांगड्यांचे, गंड्यादोऱ्यांचे, एक प्लास्टरमधला. सभेचा कारकून पेनाचं टोक हवेत नाचवत रांगेवरून मोजत येत होता. चौदा, पंधरा, आणि शेवटच्या खुर्चीवर पेन रोखून, सोळा. मग विरोधातले हात वर झाले. ते भरले पंधरा. नगराध्यक्षा विमलाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "प्रस्ताव मंजूर." पुढच्या रांगेतून त्याच्याच बाजूच्या नगरसेविकेनं, दर्शनानं, बाक वाजवला. बंदरवठार या वस्तीखालचा कातळ पर्यटकांच्या गाड्या लावायला द्यायचा नाही, मासळी सुकवायला आहे तसाच ठेवायचा, असं ठरलं. हाशिमनं हात खाली घेतला आणि तो मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिला. कारण त्या हाताला तिथे मत नव्हतं.

तो स्वीकृत सदस्य होता. म्हणजे लोकांनी निवडून दिलेला नव्हे, तर निवडून आलेल्यांनी, आपापल्या पक्षाच्या वाट्याला येतील तितके, शहाणे म्हणून घेतलेले जे दोनचार असतात त्यांतला एक. कुणी डॉक्टर, कुणी निवृत्त मुख्याध्यापक, आणि हा पाइपलाइनचा इंजिनिअर. स्वीकृत सदस्याला सभेत बसता येतं, बोलता येतं, चहा आणि भजी मिळतात. मत देता येत नाही. हे पहिल्याच सभेत मुख्याधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं होतं आणि हाशिमनं मान डोलावली होती. पण प्रशासकाच्या कारभाराची वर्षं संपून नवीन पालिका बसल्यापासून हात मोजायची वेळच आली नव्हती. विषय वाचला जायचा, दोन बाजूंनी आरडाओरडा व्हायचा आणि "मंजूर, मंजूर" म्हणून पुढे जायचं. कारकूनही नवा, देवरुखहून बदलून आलेला, त्याला अजून चेहरे ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी खुर्चीवर बसलेला माणूस म्हणजे हात, आणि वर झालेला हात म्हणजे मत.

आता उठून सांगायला हवं होतं. एवढंच तर होतं, चुकून झालं म्हणायचं. पण पुढचा विषय सुरूही झाला होता, भटक्या कुत्र्यांचा, आणि हाशिमला उठवेना. त्याला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचा हात मोजला होता आणि त्या मोजण्यानं काहीतरी इकडचं तिकडे झालं होतं. कुवेतमध्ये तीस वर्षं काढली. तिथल्या वाळूखालून जाणारे कितीतरी नळ त्यानं तपासले, साहेब लोक त्याला विचारायचे, "हाशिम, हा जोड टिकेल का?" आणि तो सांगायचा ते ऐकायचेही. पण तो देश त्याचा नव्हता. इथे निवडणुका यायच्या तेव्हा तो तिथे असायचा. गेल्या निवडणुकीत, बासष्टाव्या वर्षी, त्यानं पहिल्यांदा बोटाला शाई लावून घेतली आणि ती निघू नये म्हणून दोन दिवस डाव्या हाताला साबण लावायचं टाळलं. मेहरून, त्याची बायको, हसली होती. "लग्नात मेंदीला नाय एवढा जपलास," म्हणाली.

घरातही त्याचं असंच होतं, असं त्याला त्या सभागृहात, कुत्र्यांच्या नसबंदीवर चर्चा चालू असताना वाटून गेलं. दर शुक्रवारी फोन यायचा. मेहरून सांगायची, लेकीचं, अलफियाचं, ॲडमिशन दापोलीला घेतलं. मागच्या पडवीवर पत्रा घातला. आंब्याच्या दोन फांद्या तोडल्या, शेजाऱ्यांकडे जात होत्या. मग ती विचारायची, "तुला काय वाटतं?" आणि हाशिमला जे वाटायचं ते तो सविस्तर सांगायचा, कारण फोनचे पैसे त्याचेच असायचे. फांद्या तोडून झालेल्या असायच्या. त्याला राग यायचा नाही. राग यायला माणसानं घरात असावं लागतं. परत आला तेव्हा हॉलमध्ये त्याच्यासाठी नवीन खुर्ची आणून ठेवली होती, मऊ, पाय वर करायची सोय असलेली, आणि पहिले काही महिने पाहुणे आले की मेहरून म्हणायची, "अरे, त्यांना पण विचारा." तेवढ्यावरून त्याला कळायचं की विचारण्यासारखं जे होतं ते आत स्वयंपाकघरात ठरून गेलेलं आहे. दर्शना पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "काका, तुमच्यासारखा माणूस पालिकेत पायजे, स्वीकृत म्हणून तुमचं नाव घातलंय आम्ही," तेव्हा मेहरूननं पेढा तोंडात घालत विचारलं होतं, "मत नाय म्हणतेस? मंग नाव सोनुबाई नि हाती कथलाचा वाळा." दर्शना वकील होती, हसली, आणि म्हणाली, "चाची, बोलायचा अधिकार हाय ना. बोलणाऱ्याचं कोण ऐकत नाय असं थोडंच हाय?"

आणि कातळ. तो कातळ त्याच्या मोठ्या बहिणीचा होता. कागदावर पालिकेचा, पण वाळत घातलेल्या मासळीवर नाव कुणाचं, असं विचारलं तर जन्नतआपाचं, मासेमारी करणाऱ्या खारव्यांच्या गोदूबाईचं, आणि वठारातल्या आणखी बऱ्याच बायकांचं. बांबूंच्या दांड्यांवर बोंबील लटकलेले, खाली जाळं अंथरून त्यावर पसरलेला जवळा, आणि कडेला आपल्या छत्र्या खोचून बसलेल्या बायका. आई गेली तेव्हा हाशिम नऊ वर्षांचा होता, आपा सतरा. तिनं लग्न पुढे ढकललं आणि मग ते पुढेच राहिलं. शाळेत त्याच्या शर्टाला सुकटीचा वास येतो म्हणून मुलं नाक धरायची, आणि तो घरी येऊन तिला ते सांगायचा, रडून, मुद्दाम. दुसऱ्या दिवशी ती त्याचे कपडे कोकमाच्या पाण्यात बुडवून, मग साबणानं धुऊन, माडाच्या पलीकडे, वाऱ्याच्या उलट बाजूला वाळत घालायची. कुवेतला पहिल्यांदा गेला तेव्हा तिनं पिशवीत वाळलेले बोंबील घातले होते आणि मुंबईच्या विमानतळावर त्यानं ते कचऱ्याच्या डब्यात टाकले होते. आता ती सत्तरीत होती, कंबर वाकली होती, आणि सकाळी सभेला निघताना तिनं गाठून सांगितलं होतं, "हाशिम, ती जागा सोडू नको हां. तू आता आत बसतोस." त्याला मत नाही हे तिला ठाऊक नव्हतं. त्यानं सांगितलं नव्हतं. आपला भाऊ पालिकेत आहे एवढं ती मासळी घ्यायला येणाऱ्यांना सांगत असे, आणि ते ऐकून गोदूबाई म्हणत असे, "मंग आता नळाला पानी का नाय येत गं बाय?"

चहाची सुट्टी झाली. पेपर डिशमध्ये कांदाभजी आली. हाशिम खिडकीपाशी उभा राहिला. तिथून खाली एसटीचा रस्ता दिसत होता, हातखंब्याकडे जाणारी गाडी माणसं भरून घेत होती. गुरुप्रसाद त्याच्याजवळ येऊन उभा राहिला. गुरुप्रसाद म्हणजे समोरच्या पक्षाचा जुना नगरसेवक, चार वेळा निवडून आलेला, आरक्षण पडलं तेव्हा बायकोला निवडून आणलेला, आणि पार्किंगच्या बाजूनं आत्ताच हात वर केलेला. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं. त्यानं एक भजी उचलली, दोन भाग केले, आतली वाफ जाऊ दिली.

"हाशिमभाई," तो म्हणाला, "छान हात वर केलात."

हाशिमनं हातातली डिश खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "तुम्ही बघितलंत?"

"मी बत्तीस वर्षं हात मोजतोय. कारकुनाचं जाऊ द्या, पोरगं हाय नवीन." भजी तोंडात टाकून तो चावत राहिला. "मी बोललो नाय. कशाला बोलू? बायकांचं पोट हाय. आमच्या पार्टीनं ठरवलंनी म्हणून मी हात वर केला, पण माझ्या पण प्रभागात खारवी हायत. तुमचा हात राहू दे तिथेच."

"उपकार झाले," हाशिम म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला तो शब्द जड वाटला.

"उपकार कसले. एकमेकांचं बघायचं. पुढल्या महिन्यात पाण्याच्या मोठ्या लाइनीचा विषय हाय. नळ कुठला घ्यायचा, कुणाचा घ्यायचा, त्याच्यावर इंजिनिअर म्हणून तुम्हाला विचारतील. तुम्ही काय बोलाल त्याला वजन हाय. तेव्हा मी जरा सांगेन, तेवढं लक्षात असू द्या." गुरुप्रसादनं हाशिमच्या उजव्या मनगटावर, घड्याळाच्या वर, दोन बोटं ठेवली, वैद्य नाडी बघतो तशी, आणि हसून निघून गेला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. तो असाच सगळ्यांशी हसायचा आणि सगळ्यांची कामंही करायचा, म्हणून तर चार वेळा निवडून आला होता.

सुट्टी संपली. एका चौकाला नाव द्यायचं होतं आणि दोन नावं पुढे आली होती. हाशिमला ती दोन्ही ऐकू येत नव्हती. त्याला मनगटावरची ती दोन बोटं अजून जाणवत होती. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. गप्प बसणं त्याला येत होतं, त्यात तो निष्णात होता. कातळ राहील. आपा उद्या सकाळी बोंबील लटकवेल आणि कुणाला तरी सांगेल की माझ्या भावानं राखला. हे सगळं खरं होईल, फक्त पुढल्या महिन्यात नळाचा विषय निघेल तेव्हा गुरुप्रसाद त्याच्याकडे पाहील. हाशिमला नळ कळत होते. दुसरं फारसं काही कळत होतं असा त्याचा दावा नव्हता, संसार मेहरूनला कळत होता, राजकारण दर्शनाला, समुद्र आपाला. पण नळाचा तुकडा हातात घेऊन, आतून बोट फिरवून, हा दहा वर्षांत गळेल की नाही हे तो सांगू शकत होता, आणि तीस वर्षांत ते त्यानं कुणाच्या सांगण्यावरून सांगितलं नव्हतं. एकदा वाळवंटात एका साहेबानं जोड पास करायला सांगितला तेव्हा त्याची जीभ वळलीच नाही. साहेब चिडला, मग दुसऱ्या कुणाकडून सही घेतली गेली, आणि हाशिमला दोन महिने लांबच्या कॅम्पवर पाठवलं. त्या दोन महिन्यांत तो सुखानं झोपला होता. मत नव्हतं, देश नव्हता, पण जीभ तेवढी त्याची होती. तीच आता गहाण पडत होती, आणि कशाच्या बदल्यात, तर नसलेल्या हाताच्या. आणि दुसऱ्या बाजूला आपा होती, छत्रीखाली, आणि तिला जीभ, गहाण असल्या गोष्टी खायला घालता येणार नव्हत्या. त्याला स्वतःची चीड आली. हात वर करायची एवढी कसली हौस होती? पण ती हौसही नव्हती. विमलाताईंनी "बाजूनं कोण?" विचारलं आणि त्याला आपा दिसली, एवढंच झालं होतं.

त्यानं समोरच्या माइकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"ताई," तो म्हणाला, "मघाचा कातळाचा विषय."

"तो झाला हाशिमभाई," विमलाताई म्हणाल्या. "आता चौक चाललाय."

"झाला, पण मोजणी चुकली. सोळावा हात माझा होता. मी स्वीकृत सदस्य. माझा हात धरता येत नाही."

सभागृहात एकदम गलका झाला. दर्शना वळून त्याच्याकडे पाहत राहिली, तोंड उघडं. समोरच्या बाजूचे दोघे उभे राहून ओरडू लागले, फसवणूक, फसवणूक, आणि गुरुप्रसाद मात्र बसून राहिला, खिशातलं एक पेन काढून त्याचं टोपण लावत आणि काढत. कारकून पांढरा पडला होता. मुख्याधिकारी विमलाताईंच्या कानाशी लागले. सभा अजून संपलेली नाही, मोजणी दुरुस्त करता येते, असं ठरलं. पंधरा विरुद्ध पंधरा. समसमान झाल्यावर निर्णायक मत नगराध्यक्षांचं. विमलाताईंनी चष्मा खाली ओढला, समोरच्या कागदांकडे पाहिलं, आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्यांनी शहराचा श्वास कोंडलाय. मी पार्किंगच्या बाजूनं." बाक वाजले, या वेळी समोरचे. हाशिम शेवटच्या खुर्चीत बसून राहिला आणि माइकचा लाल दिवा त्यानं बंद केला नव्हता हे त्याच्या लक्षात आलं, कारण त्याचा श्वास स्पीकरमधून ऐकू येत होता.

जिन्यात दर्शनानं त्याला गाठलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. "काका, काय केलंत हे? हात दाखवून अवलक्षण! कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाय," हाशिम म्हणाला. "पण एकानं बघितलं होतं. तो पुढल्या महिन्यात नळाच्या वेळी माझं तोंड मागणार होता."

दर्शना थांबली. कोण, हे तिनं विचारलं नाही, तिला कळलं असावं. "तोंडाचं आपण बघितलं असतं," ती म्हणाली, पण आवाज उतरला होता. "आता कोर्टात जावं लागेल. मी जाईन. पण तोपर्यंत ते तिथे खडी टाकतील." आणि मग, जिना उतरता उतरता, मागे न बघता, "आपांना तुम्ही सांगा. मी नाय सांगणार."

तो चालतच गेला. रिक्षा करून लवकर पोचायची त्याला इच्छा नव्हती. उतारावरून खाली येताना समुद्राचं पाणी दुपारचं पांढरं दिसत होतं आणि वारा वासानं भरलेला होता, तोच वास, शर्टातला. लहानपणी त्या वासाची त्याला लाज वाटायची. आज त्याला वाटलं, हा उद्या नसेल, डिझेलचा असेल, आणि त्यानं खोल श्वास घेऊन तो आत भरून घेतला. कातळावर बायका माल गोळा करायच्या तयारीत होत्या. जन्नतआपा जाळ्याच्या कडेला बसून जवळ्यातली बारीक खेकडी वेचत होती. गोदूबाई पलीकडे दांड्यावरचे बोंबील उतरवत होती.

"काय रे," आपा म्हणाली, "आज लवकर सुटली तुजी शाळा?"

तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सगळं सांगितलं. आधी हे सांगितलं की त्याला मत नाही, कधीच नव्हतं. मग हाताचं. मग गुरुप्रसादचं आणि नळाचं, जे तिला फारसं कळलं नसावं. मग विमलाताईंचं. ती खेकडी वेचत राहिली. गोदूबाईनं हातातले बोंबील तसेच धरून ठेवले होते.

"म्हणजे राहिली होती जागा," आपा शेवटी म्हणाली. "तू तोंड उघडलंस म्हणून गेली."

"होय."

"जन्मभर गप्प बसलास. आईच्या मागं माझं लग्न राहिलं तेव्हा गप्प. मेहरून एकटी पोर वाढवत होती तेव्हा तिकडं गप्प. आणि आजच तुला तोंड फुटलं?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आम्हाला तरी इचारायचंस. ह्या एवढ्या बायका हायत, एकीचा तरी हात मोजलानी कुणी? तुजा एक चुकून मोजलानी, तो पण तू परत देऊन आलास."

बरोबर केलं असं हाशिमला सभागृहात वाटलं होतं, आणि ते अजूनही चूक वाटत नव्हतं. पण ती म्हणत होती तेही बरोबर होतं, आणि दोन्ही एकाच छातीत मावत नव्हतं. त्याला रडू आलं. नऊ वर्षांच्या पोरासारखं आलं, पण या वेळी मुद्दाम नाही. गोदूबाईनं दुसरीकडे बघितलं आणि उगाचच दांडा सरळ केला. आपानं पदराला हात पुसले. ती त्याला थोपटेल असं त्याला वाटलं. तिनं तसं काही केलं नाही.

बायका बोलत होत्या म्हणून राखणीला कुणी नव्हतं, आणि माडावरचे कावळे ते बरोबर हेरून होते. आधी एक उतरला, तिरका चालत, मग चारपाच, मग जाळ्याच्या पार टोकाला काळी झुंबडच. आपाला उठायला वेळ लागायचा, कंबर धरून, गुडघ्यावर हात देऊन.

"बसलास काय?" ती ओरडली. "हात वर कर! माल खातायत ते!"

हाशिम उठला आणि त्यानं हात वर केला. घड्याळ कोपरापर्यंत घसरलं. कावळे एकदम उडाले, सगळे, आणि थोडं लांब जाऊन पुन्हा बसले.

"खाली घेऊ नको," आपा म्हणाली. "आम्ही गोळा करीपर्यंत तसाच ठेव."

त्यानं ठेवला.